विश्लेषण : लोडरला बकेटऐवजी पाते लावताना दोन जादा पाइप का लागतात?

मे महिना लागला की ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत नाल्यांच्या कडेला जेसीबी दिसू लागतात. पाऊस सुरू झाला की तीच यंत्रे रस्त्यावर आलेला चिखल ओढतात, माळशेज आणि कसारा घाटात उतरलेली दरड बाजूला सारतात. तिकडे हिमालयात असेच लोडर पुढे रुंद पाते लावून रस्त्यावरचा बर्फ हटवतात. यंत्र जवळपास तेच असते, बदलते ते समोरचे अवजार. मात्र बकेट काढून पाते बसवणे हे काम नुसत्या चार पिना आणि वेल्डिंगचे नाही. पात्याला डावीकडे-उजवीकडे वळवणाऱ्या तेलाला स्वतंत्र वाट लागते आणि पाते कशाला धडकले तर त्या तेलाला सुटायलाही वाट लागते. ही दुसरी वाट विसरली जाते, तेव्हा पाइप फुटतात, दांडे वाकतात आणि कधी माणसे जखमी होतात.

ठाणे-कल्याणमध्ये बर्फाच्या पात्याचे काय काम?

बर्फाचे काहीच नाही; पण पात्याचे आहे. ट्रॅक्टरच्या पुढे लावायचे पाते ग्रामीण भागात ‘डोझर’ म्हणून ओळखले जाते. मुरबाड, शहापूर, भिवंडी या तालुक्यांत शेत सपाट करायला, मुरूम पसरायला, वीटभट्टीची माती ढकलायला असे अवजार उपयोगी पडते. शहरात मेट्रो ५ आणि मेट्रो १२ या मार्गिकांची आणि इमारतींची कामे सुरू झाल्यापासून डंपरमधून सांडलेली माती पावसात रस्त्यावर पसरते. ती बकेटने उचलत बसण्यापेक्षा पात्याने कडेला सारणे वेगाचे असते.

महाराष्ट्राचा बर्फाशी संबंधही वाटतो तितका दूरचा नाही. ७ मे १९६० रोजी स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेचे, म्हणजे ‘बीआरओ’चे मनुष्यबळ ज्या ‘ग्रेफ’ दलातून येते, त्याचे केंद्र पुण्यात दिघी येथे आहे. काश्मीर आणि लडाखला जोडणाऱ्या, साडेअकरा हजार फुटांवरील झोजिला खिंडीत हे दल दरवर्षी बर्फ हटवते. २०२३ मध्ये ही खिंड ६८ दिवसांनी खुली झाली. २०२५ मध्ये बंदचा काळ ३२ दिवसांवर आला. तिथे बर्फ कापून दूर फेकणारी मोठी यंत्रे असतात, तशीच पुढे पाते किंवा बकेट लावलेली डोझर आणि लोडरही असतात. मातीची दरड असो वा बर्फाची भिंत, ढकलणाऱ्या पात्यामागचे हायड्रॉलिकचे तत्त्व एकच आहे.

लोडर मुळात चालतो कसा?

इंजिन एक पंप फिरवते. पंप टाकीतले तेल ओढून वॉल्व्हकडे पाठवतो. चालक लिव्हर हलवतो तेव्हा वॉल्व्ह ते तेल एखाद्या सिलिंडरकडे वळवतो. ऑपरेटर या सिलिंडरला ‘जॅक’ म्हणतात. तेल एका बाजूने आत शिरले की दांडा बाहेर येतो, दुसऱ्या बाजूने शिरले की आत जातो. बाहेर ढकलले गेलेले तेल परत टाकीत येते.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळ्या दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल यांचा नियम या सगळ्याच्या मुळाशी आहे. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले, तेव्हापासून हा नियम कारखान्यात राबतो आहे.

ताकद किती, हे शाळेतल्या गणिताने काढता येते. आतून ५० मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर घेतला, तर त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ साधारण १९.६ चौरस सेंटिमीटर होते. यंत्रणेचा दाब १५० बार असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १५३ किलोचा जोर येतो. गुणाकार केला की उत्तर येते तीन टन. मनगटापेक्षा फार जाड नसलेला एक सिलिंडर तीन टनांनी ढकलतो.

तोच दांडा आत ओढताना मात्र जोर कमी पडतो, कारण एका बाजूला दांड्यानेच जागा अडवलेली असते. दांडा ३० मिलिमीटरचा असेल, तर ओढण्याची ताकद दोन टनांच्या आत येते. पाते एका बाजूला जोरात वळते आणि दुसऱ्या बाजूला मरगळते, अशी तक्रार एकच सिलिंडर लावलेल्या जोडणीत ऐकू येते, त्याचे कारण हेच.

बकेट आणि पाते यांत फरक काय?

साध्या लोडरला दोनच कामे येतात. एक, पुढचे हात वर-खाली करणे. दोन, बकेट पुढे ओतणे किंवा मागे वळवणे. प्रत्येक कामासाठी तेलाच्या दोन वाटा, म्हणजे एकूण चार पाइप. हे चार पाइप लोडरबरोबरच येतात.

पात्याला याशिवाय तिसरे काम हवे असते. पाते समोर सरळ राहिले, तर चिखल किंवा बर्फ त्याच्यापुढे साचत जातो आणि शेवटी यंत्र अडते. तेच पाते २५ ते ३० अंशांनी तिरके केले, की माल एका कडेला वाहत जातो. रस्त्याची कोणती बाजू मोकळी आहे, उतार कुठे आहे, यावर पाते कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळवावे लागते. दर वेळी खाली उतरून पिन बदलायची नसेल, तर या वळण्यासाठी वेगळे सिलिंडर आणि दोन जादा पाइप लागतात.

शहरी वाचकांना याचे ओळखीचे उदाहरण म्हणजे काँक्रीट फोडणारा ‘ब्रेकर’. जेसीबीच्या मागील हाताची किंवा पोकलेनच्या हाताची बकेट काढून ब्रेकर लावला, की त्या हातावरून दोन जादा पाइप खाली आलेले दिसतात. पुढची बकेट जबड्यासारखी उघडणारी असेल, तर तिथेही जादा पाइप असतात. पात्याची गरज त्याच जातीची आहे.

तिरके केल्यावर पाते अपुरे पडते का?

पडू शकते. २.१ मीटर रुंदीचे पाते ३० अंशांनी वळवले, की ते प्रत्यक्षात सुमारे १.८ मीटर रुंदीचाच पट्टा साफ करते. ट्रॅक्टरच्या चाकांची बाहेरून बाहेरची रुंदी त्यापेक्षा जास्त असेल, तर एका बाजूचे चाक न काढलेल्या चिखलातून जाणार. म्हणून पात्याची रुंदी सरळ स्थितीत नव्हे, तर पूर्ण तिरक्या स्थितीत मोजून ठरवावी लागते.

तिसऱ्या कामासाठी तेल आणायचे कुठून?

यासाठी प्रामुख्याने चार मार्ग आहेत.

१. मागच्या तोंडावरून पाइप पुढे आणणे : ट्रॅक्टरच्या मागे अवजारांसाठी तेलाची तोंडे असतात. तिथून दोन पाइप चासीच्या कडेने पुढे नेले, की काम होते. खर्च सर्वांत कमी. मात्र आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांना ट्रॉली पालथी करण्यापुरते एकच तोंड असते. ट्रॉली स्वतःच्या वजनाने खाली येते, म्हणून तिला परतीची वेगळी वाट लागत नाही. पात्याला दोन्ही बाजूंना ढकलायचे असल्याने एक तोंड पुरत नाही. दुहेरी कामाचा जादा वॉल्व्ह बसवावा लागतो. शिवाय लिव्हर मागे असल्याने चालकाला पुढे पाहत मागे हात न्यावा लागतो.

२. बकेटचेच तेल वळवणे : पाते लावल्यावर बकेट ओतण्याची हालचाल क्वचितच लागते. त्यामुळे त्या वाटेवर सहा तोंडांचा विद्युत वळण-वॉल्व्ह बसवतात. लिव्हरवर एक बटण असते. बटण न दाबता लिव्हर हलवला तर पाते पुढे-मागे कलते; बटण दाबून हलवला तर डावीकडे-उजवीकडे वळते. दोन्ही कामे एकाच वेळी होत नाहीत, पण पात्याच्या कामात त्याने फारसे अडत नाही. खर्च आणि सोय यांचा मेळ घालणारा हा मार्ग आहे.

३. स्वतंत्र तिसरा वॉल्व्ह : पंपाकडून येणारे तेल आधी नव्या वॉल्व्हमधून जाते आणि तिथून पुढे लोडर व मागच्या लिफ्टकडे जाते. यात सगळी कामे हवी तेव्हा करता येतात. पण नव्या वॉल्व्हला ‘पुढे पाठवणारे’ वेगळे तोंड असावे लागते. ते नसलेला स्वस्त वॉल्व्ह घेऊन त्याच्या टाकीकडे जाणाऱ्या तोंडातूनच पुढचे काम चालवले, तर जी बाजू कमी दाबासाठी बनवली आहे, तिच्यावर पूर्ण दाब येतो. वॉल्व्हला तडा जाण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

४. बॅटरीवर चालणारा छोटा पंप : जीप किंवा पिकअपला पाते लावताना हा मार्ग वापरतात. १२ व्होल्टची मोटर, छोटा पंप आणि छोटी टाकी एकाच डब्यात असते. ट्रॅक्टरच्या तेलाला हातच लागत नाही. पण मोटर चालू असताना १५० ते २०० अँपिअर इतका प्रवाह ओढू शकते. जुनी बॅटरी आणि बारीक वायर असेल, तर पात्याआधी तीच हार मानतात.

तेल जास्त मिळाले तर चांगलेच नाही का?

नाही. दाबाने ताकद ठरते, तर प्रवाहाने वेग. वरच्याच ५० मिलिमीटरच्या सिलिंडरचा दांडा २५ सेंटिमीटर बाहेर यायला जवळपास अर्धा लिटर तेल लागते. पंपाकडून मिनिटाला २० लिटर तेल मिळत असेल, तर हे काम दीड सेकंदात होते. ४० लिटर मिळाले, तर पाऊण सेकंदात. दोन-तीनशे किलोचे पाते पाऊण सेकंदात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेले, की ते थांबताना पिना आणि जोड यांना हादरा देते. जवळ उभ्या माणसाला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून पात्याच्या वाटेवर तेल मुद्दाम चिंचोळ्या छिद्रातून सोडतात. पाते संथ आणि सारख्या गतीने वळते. ताकद तीच राहते, घाई कमी होते.

पाते धडकले तर नेमके काय होते?

सगळ्या जोडणीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हाच आहे.

चालकाने लिव्हर सोडला, की वॉल्व्ह दोन्ही वाटा बंद करतो. सिलिंडरमधले तेल कोंडले जाते आणि पाते आहे त्या कोनात घट्ट राहते. तेल दाबून फारसे लहान होत नाही. म्हणजे त्या क्षणी सिलिंडर हा जणू लोखंडी खांब असतो.

आता पात्याचे एक टोक रस्त्यातून वर आलेल्या चेंबरच्या चौकटीला, दुभाजकाच्या कडेला किंवा घाटात मातीखाली दडलेल्या दगडाला लागले, असे समजा. तीन टनांचे यंत्र ताशी १० किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याच्या गतीतली ऊर्जा ते यंत्र सव्वा फुटावरून खाली टाकल्याइतकी असते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी २० किलोमीटर केला, तर ऊर्जा चौपट होते. पाच फुटांहून अधिक उंचीवरून टाकल्याइतकी. ही ऊर्जा कुठे तरी जावीच लागते.

कोंडलेल्या तेलात दाब एका झटक्यात नेहमीच्या कितीतरी पट वाढतो. मुख्य पंपाजवळची सुरक्षा-झडप इथे कामाला येत नाही. ती वॉल्व्हच्या पलीकडे असते आणि वॉल्व्ह तर बंद आहे. मग सर्वांत कमजोर जागा हार मानते. कधी पाइपचे टोक निसटते, कधी सिलिंडरचे सील जाते, कधी दांडा वाकतो, तर कधी वेल्डिंग उघडते.

यावरचा उपाय साधा आहे. दोन्ही पाइपांच्या मध्ये, पात्याच्या जवळ, एकमेकांकडे उघडणाऱ्या दोन सुरक्षा-झडपा बसवतात. एका बाजूचा दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, की ती झडप उघडते आणि तेल दुसऱ्या बाजूला जाते. पाते धक्क्याबरोबर थोडे वळते, ऊर्जा जिरते आणि पाइप वाचतो. ही मर्यादा यंत्रणेच्या नेहमीच्या दाबापेक्षा थोडी वर ठेवतात. नाही तर साध्या ढकलण्यानेही पाते मागे सरू लागते.

इथे एक बारकावा आहे. डाव्या-उजव्या बाजूला एकेक सिलिंडर असेल, तर एकातून निघालेले तेल दुसऱ्यात बरोबर मावते. एकच दुहेरी सिलिंडर असेल, तर त्याच्या दोन बाजूंत मावणारे तेल सारखे नसते. त्यामुळे एका दिशेच्या धक्क्यात झडपेला तेलाचा हिशेब पुरा करता येत नाही. बर्फाच्या पात्यांना दोन सिलिंडर लावण्याची पद्धत आहे, त्यामागे ही दोन्ही कारणे आहेत, सारखी ताकद आणि सारखे तेल.

झडप फक्त आडव्या धक्क्यापासून वाचवते. पात्याची मधली कड समोरून अडली, तर स्प्रिंगची व्यवस्था लागते. पाते किंवा त्याची खालची पट्टी पुढे झुकते, अडथळ्यावरून जाते आणि स्प्रिंगने परत उभी राहते. झडप आणि स्प्रिंग या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक आहे म्हणून दुसरी नको, असे होत नाही.

‘फ्लोट’ कशासाठी?

रस्ता कधीच सपाट नसतो. पाते खाली दाबून तसेच ठेवले, तर खोलगट जागी ते हवेत राहते आणि उंचवट्यावर रस्ता खरवडते. शिवाय लोडरचे हात जमिनीवर दाब देऊ लागले, की ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासे होते. ओल्या उतारावर हे धोक्याचे आहे.

‘फ्लोट’ या स्थितीत हात वर-खाली करणाऱ्या सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात. तेल मोकळेपणाने ये-जा करते आणि पाते केवळ स्वतःच्या वजनाने रस्त्यावर टेकून राहते. लोडरच्या लिव्हरला ही स्थिती नसेल, तर पाते लावण्याआधी वॉल्व्ह बदलणे शहाणपणाचे ठरते.

जोर ट्रॅक्टरच्या कोणत्या भागावर येतो?

पात्यावर येणारा धक्का शेवटी ट्रॅक्टरच्या शरीरावर येतो. पाते पुढच्या बंपरला किंवा पुढच्या ॲक्सलजवळच्या ओतीव भागाला बोल्टने बांधले, तर सगळा भार त्या एका जागी साचतो. ओतीव लोखंड वाकत नाही, थेट तडकते. म्हणून चांगल्या जोडणीत लोडरखाली एक वेगळी चौकट असते. ती पोटाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत जाते आणि भार वाटून घेते.

दुसरा प्रश्न तोलाचा. पुढे पाते आणि लोडर आल्यावर मागची चाके हलकी होतात. ट्रॅक्टर मागच्या चाकांवर ओढतो, त्यामुळे पकड जाते आणि ब्रेकही कमी लागतो. मागे वजनाचे ठोकळे, चाकांत पाणी किंवा जोडणीवर एखादे जड अवजार लावून हा तोल परत आणावा लागतो.

हिमालयातले तेल ठाण्यात चालेल का?

हायड्रॉलिक तेलाच्या डब्यावर ३२, ४६, ६८ असे आकडे असतात. ४० अंश सेल्सिअस तापमानाला ते तेल किती दाट आहे, हे तो आकडा सांगतो. आकडा मोठा, तेल दाट. शून्याखालच्या थंडीत दाट तेल मधासारखे होते, पंपाला ते ओढवत नाही. म्हणून तिथे पातळ तेल वापरतात. ठाण्याच्या मे महिन्यात तेच पातळ तेल तापून आणखी पातळ होईल, सिलिंडर ढिले पडतील. त्यामुळे तेलाचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे आणि इथल्या हवामानाप्रमाणेच निवडायचा असतो. तेल ८० अंशांच्या वर सतत राहिले, की रबरी सील कडक होऊ लागतात.

ठाणे-कल्याणची खरी अडचण थंडी नव्हे, दमट हवा आणि खाडीचा चिखल ही आहे. उघड्यावर उभ्या यंत्राच्या टाकीत झाकणातून पावसाचे पाणी आणि ओलावा शिरतो. तेल दुधाळ दिसू लागले, तर त्यात पाणी मिसळले आहे, असे समजावे. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात काम करून यंत्र न धुता ठेवले, तर सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर बारीक खड्डे पडतात. मग प्रत्येक फेरीत तो दांडा सीलला कानशीसारखा घासतो. महिन्याला सील किट बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा दोष बहुधा सीलचा नसून दांड्याचा असतो.

आणखी एक गोष्ट. अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते. अवजार काढून ठेवताना पाइपांची तोंडे टोपी न लावता मातीत पडू दिली, तर पुढच्या वेळी ती माती थेट गिअरबॉक्सपर्यंत पोहोचते. पाच-दहा रुपयांच्या रबरी टोपीची किंमत तेव्हा कळते.

माणसाला सर्वांत मोठा धोका कोणता?

तेलाची बारीक धार. पाइपला सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी धार डोळ्याला नीट दिसतही नाही. पण ती कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्यासारखी छोटी दिसते, सुरुवातीला फार दुखतही नाही. मात्र आत गेलेले तेल स्नायूंच्या थरांत पसरते आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा जखमेवर मलम लावून घरी जायचे नसते. तातडीने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जाऊन ‘जास्त दाबाचे तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते.

त्यामुळे गळती कुठे आहे, हे हाताने चाचपून कधीही पाहू नये. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून फिरवावा. धार असेल तर पुठ्ठा ओला होतो. पाइप खोलण्याआधी पाते जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि सगळे लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून कोंडलेला दाब सोडावा. लोडरचे हात वर असताना खाली काम करायचे असेल, तर हातांना लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये. वर धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे केवळ तेल असते आणि एक पाइप सुटला की ते थांबत नाही.

पाइप निवडताना काय पाहावे?

हायड्रॉलिक पाइपावर त्याचा कामाचा दाब छापलेला असतो. साधारण नियम असा, की पाइप फुटण्याचा दाब कामाच्या दाबाच्या चौपट असावा. हे अंतर धक्क्यांसाठी राखलेले असते, जास्त दाबाने काम करण्यासाठी नव्हे. पात्यासाठी तारेच्या दुहेरी जाळीचा पाइप घ्यावा. तो टोकाजवळ लगेच वाकवू नये, पिळ देऊन बसवू नये आणि पाते दोन्ही टोकांना पूर्ण वळवून तो कुठे ताणला किंवा चिमटला जात नाही ना, हे पाहावे. पाण्याच्या पाइपासारखा क्लिपने आवळलेला पाइप इथे चालत नाही. टोके प्रेस मशीनवरच बसवून घ्यावी लागतात.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या रचनेशी विसंगत होतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. पिना काढून उतरवता येणारे अवजार आणि चासी कापून किंवा वेल्डिंग करून केलेला कायमचा बदल यांत म्हणूनच फरक करावा लागतो. शेतीसाठी नोंदलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या ठेक्याच्या कामाला लावण्याआधी आरटीओत चौकशी करणे आणि विमा कंपनीला अवजाराची लेखी माहिती देणे हिताचे. अपघात झाल्यावर या कागदांची आठवण आली, तर उपयोग होत नाही.

काम करून घेण्याआधी कोणते प्रश्न विचारावेत?

वागळे इस्टेट, अंबरनाथ, डोंबिवली या औद्योगिक पट्ट्यांत लोखंडी काम करून देणारे कारागीर मिळतात आणि पाते तयार करणे त्यांच्यासाठी अवघड नाही. जुना लोडर घेऊन पावसाळी कामाचा छोटा ठेका मिळवू पाहणाऱ्याने पैसे देण्याआधी एवढे विचारावे :

- पंपाचा दाब आणि मिनिटाचा प्रवाह किती आहे. तो मोजला आहे की अंदाज?
- पात्याचे तेल कोणत्या वाटेने येणार. वॉल्व्हला पुढे पाठवणारे तोंड आहे का?
- दोन पाइपांच्या मध्ये धक्का झेलणारी झडप बसवणार का आणि ती किती दाबाला उघडेल?
- समोरून अडल्यावर पाते झुकण्याची स्प्रिंग आहे का?
- लिव्हरला ‘फ्लोट’ आहे का?
- पात्याचा भार मागच्या ॲक्सलपर्यंत जातो की पुढच्या बोल्टवरच थांबतो?
- मागे तोल साधणारे वजन किती लावायचे?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘त्याची गरज नाही, आम्ही पाइप जाड लावतो’ असे आले, तर काम थांबवलेले बरे. जाड पाइप फुटणार नाही कदाचित. पण मग धक्का दांड्यावर, वेल्डिंगवर किंवा ट्रॅक्टरच्या ओतीव भागावर जाईल. झडपेचा खर्च अख्ख्या जोडणीच्या मानाने थोडा असतो. पावसात, रात्रीच्या वेळी, चिखलाखाली काय दडले आहे हे न दिसता पाते पुढे नेणाऱ्या चालकासाठी आणि त्याच्या बाजूला फावडे घेऊन उभ्या असलेल्या कामगारासाठी मात्र त्या यंत्रातला तोच सर्वांत मोलाचा भाग आहे.